मी मुलांचं नुकसान तर करत नाही ना?

"मॅडम, माझ्या जागी एखादी अनुभवी शिक्षिका असती, तर ही मुलं आज वाचायला लागली असती. मी त्यांचं वर्ष खाल्लं."

बोलणारी मुलगी २२ वर्षांची होती. वाणिज्य शाखेची पदवी हातात पडली आणि दोनच महिन्यांत ती शहरातल्या एका गरीब वस्तीतल्या शाळेत चौथीच्या वर्गासमोर उभी राहिली. दोन वर्षं अशा शाळेत शिकवण्याची फेलोशिप, निवडीच्या तीन फेऱ्या, पाच आठवड्यांचं प्रशिक्षण आणि मग थेट ४२ मुलं. माझ्याकडे आली तेव्हा शाळा सुरू होऊन नववा आठवडा चालू होता. (तिच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.)

नुकतेच पदवीधर झालेले आणि अशा शाळांमध्ये शिकवायला गेलेले बरेच जण माझ्याकडे येतात. शब्द वेगवेगळे असतात, पण प्रश्न हाच: मला शिकवता येत नाही, मुलांचं माझ्यामुळे नुकसान होतंय, मग मी सोडून जाणं जास्त प्रामाणिक नाही का? आईवडिलांची काळजी वेगळी असते, त्यांना करिअरची दोन वर्षं वाया जाताना दिसतात. माझा अनुभव असा की आपला मुलगा किंवा मुलगी रात्री शांत झोपायला लागली की ती काळजी बरीचशी आपोआप ओसरते. म्हणून इथे मुलीच्या प्रश्नाबद्दलच लिहिते.

नववा आठवडा म्हटल्यावर मला निम्मं कळलं होतं. कॅलिफोर्नियातल्या एलेन मोइर यांनी सुमारे १,५०० नवशिक्षकांसोबत काम करून पहिल्या वर्षाचे टप्पे मांडले आहेत. आधी उत्सुकता, मग कसाबसा तग धरणं, सहा ते आठ आठवड्यांच्या सततच्या ताणानंतर भ्रमनिरास, पुढे हळूहळू उभारी, आणि शेवटी मागे वळून पाहणं. मी तिला तो आलेख कागदावर काढून दाखवला. तिने पाहिला आणि म्हणाली, "सगळ्यांनाच असं होतं म्हणून ते मुलांसाठी बरोबर ठरतं का?"

तिचं बरोबर होतं. ती नैतिक प्रश्न घेऊन आली होती आणि मी तिच्यापुढे दिलासा ठेवला होता. मी कागद बाजूला सारला आणि विचारलं, "काल काय झालं? एकच तास सांग."

तिने पिशवीतून एक वही काढली. पानं उलटली तर प्रत्येक पान देखणं. अक्षर मोत्यासारखं, समास नीट आखलेला, एक खाडाखोड नाही. "हा माझा सगळ्यात शहाणा मुलगा. मी त्याची वही वर्गाला दाखवते." काल तिने त्याला शेजारी उभं करून त्याच्याच वहीतला उतारा वाचायला सांगितला. त्याने घडाघडा वाचला. मग तिचं लक्ष त्याच्या बोटाकडे गेलं. तोंडाने तो तिसरी ओळ म्हणत होता आणि बोट पाचव्या ओळीवर होतं. तिने त्यातला एक शब्द झाकला, दुसरा दाखवला. त्याला सांगता येईना. मुलगा फळ्यावरची अक्षरं चित्रासारखी उतरवत होता आणि उतारा ऐकून पाठ करत होता. मात्रा लागलेला एकही शब्द त्याला वाचता येत नव्हता.

"नऊ आठवडे मी त्याला शाबासकी देत होते," ती म्हणाली आणि रडायला लागली. मी रडू दिलं.

मग मी तिला तिचीच वाक्यं परत ऐकवली. तासाभरात ती तीन गोष्टी पुन्हा पुन्हा बोलली होती. हे माझ्यामुळे झालं. माझं नेहमी असंच होतं. आता सगळंच गेलं. मानसशास्त्रज्ञ मार्टिन सेलिग्मन यांनी ज्याला निराशावादी स्पष्टीकरणाची सवय म्हटलं, ती हीच: कारण आपल्यात शोधायचं, ते कायमचं मानायचं आणि सगळीकडे पसरवायचं. सेलिग्मन, अँजेला डकवर्थ आणि पॅट्रिक क्विन यांनी २००९ साली गरीब वस्त्यांतल्या शाळांमधल्या ३९० नवशिक्षकांवरचा अभ्यास प्रसिद्ध केला. वर्षाच्या सुरुवातीला ज्यांची चिकाटी जास्त होती आणि जे स्वतःच्या आयुष्यात समाधानी होते, त्यांची मुलं वर्षअखेर जास्त शिकलेली दिसली. चिकाटीचं कोणाला नवल वाटत नाही. समाधानाबद्दल सांगितलं की मात्र ही तरुण मंडळी माझ्याकडे अविश्वासाने बघतात. शिक्षिका म्हणून आपण जितके झिजू तितकं मुलांचं भलं, असं त्यांच्या मनात पक्कं बसलेलं असतं.

तिची तीन वाक्यं आम्ही कागदावर घेतली आणि एकेक खरं करत गेलो. "माझ्यामुळे" याच्या जागी काय? मुलगा चौथीत आला तेव्हाही त्याला वाचता येत नव्हतं आणि तोपर्यंत ते कोणाच्याही लक्षात आलं नव्हतं. "नेहमी" याच्या जागी? वही देखणी असली की मी वाचून घेत नाही, ही माझी एक चूक आहे. "सगळंच" याच्या जागी? वर्गातल्या किती मुलांचं असं आहे, हे मला अजून माहीत नाही. शेवटचं वाक्य लिहून झाल्यावर ती एकदम ताठ बसली. "हे तर मी सोमवारीच बघू शकते."

तिच्या मूळ प्रश्नाचं उत्तर मात्र मी टाळू शकत नव्हते. अननुभवी माणसाला अशा वर्गावर पाठवणं योग्य आहे का? वेंडी कॉप यांनी १९८९ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या आपल्या प्रबंधात नव्या पदवीधरांना दोन वर्षं अशा शाळांत शिकवायला पाठवण्याची कल्पना मांडली, १९९० मध्ये 'टीच फॉर अमेरिका'ची पहिली तुकडी शाळांमध्ये गेली आणि २००९ मध्ये 'टीच फॉर इंडिया'ची. तेव्हापासून हा वाद चालू आहे आणि दोन्ही बाजूंना आवेश भरपूर आहे. मी तिला मोजलेलं तेवढंच सांगितलं. अमेरिकेत २००४ साली मॅथेमॅटिका या संशोधनसंस्थेने 'टीच फॉर अमेरिका'च्या शिक्षकांची त्याच शाळांमधल्या इतर शिक्षकांशी तुलना केली. या तरुणांच्या वर्गात गणितात साधारण एका महिन्याच्या शिकवण्याइतकी जास्त प्रगती होती आणि वाचनात काहीच फरक नव्हता. म्हणजे भरतीच्या पत्रकावर असतो तसा चमत्कारही नाही आणि तिच्या मनात होती तशी आपत्तीही नाही.

दुसरा दाखला मला जास्त महत्त्वाचा वाटतो. शिक्षणात काम करणाऱ्या 'प्रथम' संस्थेने मुंबई आणि बडोद्याच्या महापालिका शाळांमध्ये बालसखी नेमल्या. वस्तीतल्याच, माध्यमिक शिक्षण झालेल्या तरुण मुली, प्रशिक्षण जेमतेम दोन आठवड्यांचं. त्यांच्याकडे तिसरी-चौथीतली मागे पडलेली १५ ते २० मुलं रोज दोन तास दिली जायची आणि काम एकच असायचं: अक्षरं, शब्द, वाचन, साधं गणित. या प्रयोगाचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. मुलांची प्रगती स्पष्ट दिसली आणि सर्वांत मागे असलेल्यांची सर्वांत जास्त. या मुलींकडे पदवी नव्हती, प्रशिक्षण माझ्या समोरच्या मुलीपेक्षाही कमी होतं. पण काम आखून दिलेलं होतं. मूल जिथे आहे तिथून सुरुवात करायची मुभा होती.

माझ्या समोरच्या मुलीला कोणी काय सांगितलं होतं? "तू या मुलांचं आयुष्य बदलणार आहेस." सोमवारी सकाळी आयुष्य कसं बदलायचं? वीस शब्द वाचून घेता येतात.

पुढच्या आठवड्यात ती आली ती आकडे घेऊन. तिने मधल्या सुट्टीत आणि शेवटच्या तासाला एकेका मुलाला जवळ घेऊन वाचायला लावलं होतं. ४२ पैकी ११ मुलं शब्दापर्यंतही पोचत नव्हती, त्यातली चार अक्षरांवरच अडखळत होती. आकडा वाईट होता आणि तिचा चेहरा मात्र पहिल्यांदाच बरा दिसत होता. त्या ११ जणांसाठी रोज २५ मिनिटं, एवढंच आम्ही ठरवलं. त्या वेळात बाकीचे काय करणार, हा प्रश्न मात्र माझ्या आवाक्यातला नव्हता.

"शेजारच्या वर्गावर कोण आहे?" मी विचारलं.

"एक बाई आहेत. वीसेक वर्षं झाली त्यांना. पण आमचं बोलणं नाही."

हे मी फार वेळा ऐकते. नवे आलेले तरुण जुन्या शिक्षकांना मरगळलेल्या व्यवस्थेचा भाग समजतात आणि जुन्यांना ही दोन वर्षांची पाहुणी मंडळी वाटतात. भरती करताना शाळा जितकी अंधारी रंगवावी तितका येणारा तरुण उजेड घेऊन आल्यासारखा वाटतो, आणि त्याची किंमत असल्या अबोल्यात मोजावी लागते. मी तिला एवढंच सुचवलं की बाईंच्या वर्गात जाऊन मागच्या बाकावर एक तास बस, परवानगी मागून.

ती बसली. बाई दारात उभ्या राहून वह्या वाटत होत्या, फळ्यावर एक प्रश्न आधीच लिहिलेला होता, आणि मूल जागेवर बसलं की थेट तोच सोडवायला घेत होतं. गोंधळ व्हायला फटच नव्हती. वर्गाचा आवाज वाढला की बाई स्वतःचा आवाज आणखी खाली आणत होत्या. "मी दहा मिनिटं 'गप्प बसा' ओरडण्यात घालवते," ती मला म्हणाली, "आणि हे मला कोणीच दाखवलं नव्हतं." पुढे बाईच तिच्या वर्गात डोकावायला लागल्या.

सोडून जाण्याबद्दलही आम्ही सरळ बोललो. काही वर्षांपूर्वी असाच एक मुलगा माझ्याकडे येत होता आणि मी त्याला "थोडं सोस, जमेल" असं सांगत राहिले. त्याला झोप नव्हती, वजन उतरलं होतं. तो सत्राच्या मध्यावर एक दिवस शाळेत गेलाच नाही. वर्गाला कोणी काही सांगितलं नाही आणि मुलं बरेच दिवस त्याची वाट बघत होती, हे मला नंतर कळलं. त्याला वेळेवर, मुलांचा नीट निरोप घेऊन बाहेर पडायला मी मदत करायला हवी होती. तेव्हापासून मी कोणालाही काहीही झालं तरी टिकून राहायला सांगत नाही. तब्येत ढासळत असेल तर जायला हरकत नाही. पण मुलांना तारीख सांगून जायचं.

या क्षेत्रात भरती करणारे मला कधी कधी बोलावतात, तेव्हा मी अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ मार्टिन हेबरमन यांची आठवण करून देते. शहरांतल्या गरीब मुलांचे चांगले शिक्षक कसे ओळखावेत याचा त्यांनी आयुष्यभर अभ्यास केला. कोवळ्या पदवीधरांपेक्षा तिशी ओलांडलेल्यांवर त्यांचा जास्त भरवसा होता. या मुद्द्यावर मी त्यांच्याशी पूर्ण सहमत नाही, पण त्यांची एक कसोटी मला पटते: चूक झाली तर हा माणूस ती मुलांसमोर कबूल करेल का? उमेदवारांना नेतृत्वाचे प्रसंग सांगायला लावण्यापेक्षा हे विचारा. आणि उमेदवारांनो, तुम्हीही सही करण्याआधी विचारा: माझा तास बघायला कोण येणार, किती वेळा येणार, आणि माझ्यानंतर या वर्गावर कोण? उत्तर गुळमुळीत आलं तर थांबा. एक अख्खा दिवस, शेवटच्या तासापर्यंत, अशा वर्गात बसल्याशिवाय होकार देऊ नका.

तिला मी आणखी एक गोष्ट करायला लावली आणि तीच सर्वांत अवघड गेली. आठवड्यातून एक दिवस शाळा सुटल्या सुटल्या घरी जायचं. तपासायच्या वह्या सोबत न्यायच्या नाहीत. पहिल्या बुधवारी तिला चोरी केल्यासारखं वाटलं. चौथ्या बुधवारी ती मैत्रिणीकडे जाऊन झोपून आली.

वर्ष संपत आलं तेव्हा ती पुन्हा तीच वही घेऊन आली, त्या मुलाची. शेवटची पानं उघडून तिने माझ्यापुढे ठेवली. मोत्यासारखं अक्षर गेलं होतं. ओळी वरखाली, दोन ठिकाणी खोडलेलं, एके जागी कागद रबराने फाटलेला. फळ्यावरून उतरवलेलं नव्हतं, त्याचं स्वतःचं वाक्य होतं. ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं: "ताई बूधवारी लवकर घरि जाते."