वाचकांचे प्रश्न : तातियाना वेसो यांचे माहितीपट आणि कथापट

प्रश्न : ‘नोचे दे फ्वेगो’ हा मेक्सिकन चित्रपट नेटफ्लिक्सवर पाहिला आणि फार आवडला. दिग्दर्शिका तातियाना वेसो यांनी त्याआधी माहितीपट केले होते आणि नंतरही त्या माहितीपटाकडेच वळल्या, असे कळले. कथापट एवढा गाजल्यावर मागे का फिरायचे? माहितीपट ही कथापटाची पूर्वतयारीच नसते का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : माहितीपटावर हात बसवायचा आणि संधी मिळताच कथापट करायचा, हा क्रम आपल्या इतका अंगवळणी पडला आहे की हा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. वेसो यांना मात्र तो लागू पडत नाही, कारण त्यांच्या चारही मोठ्या चित्रपटांत काम करण्याची रीत एकच आहे : माणसे काय सोसतात हे आधी ऐकायचे आणि मग त्या ऐकण्याला साजेशी दृश्ये शोधायची.

त्यांचा जन्म 1972 सालचा, एल साल्वादोरची राजधानी सान साल्वादोर येथला. लहानपणीच त्या मेक्सिकोत आल्या, तिथेच वाढल्या आणि मेक्सिको सिटीतील ‘सेंत्रो दे कापासितासियोन सिनेमातोग्राफिका’ या 1975 साली स्थापन झालेल्या चित्रपटशिक्षण संस्थेत शिकल्या. पुढे बार्सेलोनाच्या पोंपेउ फाब्रा विद्यापीठात त्यांनी माहितीपटाचा अभ्यास केला. त्यांचा पहिला दीर्घ माहितीपट ‘एल लुगार मास पेकेन्यो’ 2011 साली आला आणि त्याला स्वित्झर्लंडमधील न्यों येथील महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. विषय होता सिंकेरा, म्हणजे त्यांच्या आजीचे गाव. एल साल्वादोरमध्ये 1980 ते 1992 या काळात चाललेल्या यादवी युद्धात सुमारे 75,000 माणसे मारली गेली आणि हे गाव अक्षरशः बेचिराख झाले. (त्या युद्धाचा शेवट करणाऱ्या करारावर सह्या झाल्या त्या मेक्सिको सिटीतच, चापुल्तेपेकच्या किल्ल्यात.) युद्ध संपत आल्यावर काही कुटुंबे परतली, रान साफ करून घरे उभी केली, आणि आज त्या गावच्या चौकात पाडलेल्या लष्करी हेलिकॉप्टरचे शेपूट जपून ठेवलेले आहे. चित्रपटात गावकरी कॅमेऱ्याकडे तोंड करून मुलाखती देत नाहीत. ते कोंबड्या सांभाळतात, गाईगुरे पाहतात, घरातली कामे करतात, आणि त्या दृश्यांवर त्यांच्या आठवणी आपल्याला त्यांच्याच आवाजात ऐकू येतात.

आता ‘नोचे दे फ्वेगो’कडे पाहू. 2021 साली कान महोत्सवाच्या ‘अँ सर्तें रगार’ या वेगळ्या वाटेच्या चित्रपटांच्या विभागात त्याची विशेष दखल घेतली गेली आणि परदेशी चित्रपटांसाठीच्या ऑस्करच्या पंधरा चित्रपटांच्या प्राथमिक यादीपर्यंत तो पोहोचला. तो जेनिफर क्लेमंट यांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. कादंबरी गेरेरो राज्यात घडते, तर चित्रीकरण केरेतारो राज्यातील सिएरा गोर्दाच्या डोंगरांत झाले. आरंभीच आई आणि लहानगी आना हातांनी माती उकरून खड्डा करतात आणि आना त्यात निजून पाहते. अमली पदार्थांच्या धंद्यातले टोळीवाले मुली उचलायला आले की लपायची ती जागा. मुलींचे केस उवांचे निमित्त सांगून बारीक कापले जातात, पण खरे कारण त्या मुलग्यांसारख्या दिसाव्यात हे असते. आणि आई मुलीला जे शिकवते ते ऐकणे : रात्री दूरवरून येणारा आवाज कशाचा आहे, गुराचा की गाडीचा, हे तिने ओळखले पाहिजे. माहितीपटात जी दिग्दर्शिकेची रीत होती, ती इथे पात्राची जगण्याची गरज झाली आहे. उत्तरार्धात मुली वयात आल्यावर कथानक थोडे सैल पडते, हे माझे मत मी लपवणार नाही. पूर्वार्धाची पकड मात्र विलक्षण आहे.

तेव्हा मागे फिरणे झालेलेच नाही. खरा संवाद जिथे ज्या रूपात सापडेल, तिथे त्या रूपात त्या काम करतात.

प्रश्न : आमच्या फिल्म सोसायटीत वेसो यांचा ‘तेम्पेस्ताद’ हा माहितीपट दाखवला. त्यातली मिरियम आपली कहाणी सांगत राहते, पण तिचा चेहरा येत नाही आणि पडद्यावर भलतीच माणसे दिसतात. चर्चेत काही सभासदांनी याला माहितीपट म्हणायलाच हरकत घेतली. आपले मत काय?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : हरकतीत तथ्य आहे असे मला वाटत नाही. मिरियम मेक्सिकोच्या आग्नेय टोकाच्या कानकुन शहरातील विमानतळावर नोकरी करणारी, एका लहान मुलाची आई. माणसांच्या तस्करीचा खोटा आरोप ठेवून तिला पकडले गेले आणि देशाच्या उत्तर टोकाला, मातामोरोस येथील तुरुंगात टाकले गेले, जिथे सत्ता सरकारची नव्हे तर गुन्हेगारी टोळीची होती. दुसऱ्याच्या गुन्ह्याची किंमत मोजणाऱ्या अशा निरपराध कैद्यांना तिकडे ‘पागादोर’ म्हणतात. सुटल्यावर ती बसने सुमारे 2,000 किलोमीटरचा प्रवास करून घरी निघते. कॅमेरा तोच रस्ता धरतो : पेंगणारे प्रवासी, पावसाने ओघळलेल्या काचा, नाक्यावर थांबवून होणारी झडती. आवाज मिरियमचा असतो आणि चेहरे ओळीने इतरांचे येतात. त्यामुळे जे तिच्यावर गुदरले ते या बसमधल्या कुणावरही गुदरू शकले असते, ही गोष्ट कुणीही न सांगता आपल्या लक्षात येते. मेक्सिकोत बेपत्ता म्हणून नोंदलेल्यांची अधिकृत संख्या 2022 साली 1,00,000 च्या वर गेली, हे ध्यानात घेतले तर हा निर्णय केवळ शैलीचा उरत नाही.

आणि दुसरी स्त्री, आदेला, समोर दिसते. ती फिरत्या सर्कशीतली विदूषक आहे आणि तिची मुलगी वर्षानुवर्षे बेपत्ता आहे. तिच्या भागात तंबू, सराव करणाऱ्या मुली, एकत्र बसून गप्पा मारणाऱ्या बायका हे सारे आहे. एकीचा चेहरा झाकलेला आणि दुसरीचा उघडा, या जोडीमुळेच चित्रपट तोललेला राहतो. एर्नेस्तो पार्दो यांचे छायाचित्रण क्वचित नको इतके देखणे होते, असा आक्षेप कुणी घेतला असता तर मी निम्मा मान्य केला असता. मेक्सिकन चित्रपट अकादमीने 2017 साली दिग्दर्शनाचे आरिएल हे आपले पारितोषिक कथापट करणाऱ्यांना बाजूला ठेवून या माहितीपटासाठी वेसो यांना दिले. आपल्या सभासदांना हेही सांगावे.

प्रश्न : वेसो यांच्या ‘एल एको’ या माहितीपटातली मुले अभिनय करतात का? आणि वेसो यांचे चित्रपट कोणत्या क्रमाने पाहावेत?
— एक विद्यार्थिनी, ठाणे

उत्तर : ती व्यावसायिक नट नाहीत, ती पुएब्ला राज्याच्या डोंगराळ भागातील त्याच नावाच्या खेड्यातली मुले आहेत. वेसो यांनी त्यांच्यात ऋतूंमागून ऋतू काढले, म्हणून बाहुल्या मांडून शाळा भरवणारी मुलगी, आजीला आंघोळ घालणारी मोंत्से आणि घोड्यांच्या शर्यतीवरून तिचे आईशी होणारे खटके, हे सगळे बुजलेले वाटत नाही. 2023 साली बर्लिन महोत्सवात या चित्रपटाला माहितीपटाचे पारितोषिक आणि ‘एन्काउंटर्स’ विभागातील दिग्दर्शनाचे पारितोषिक अशी दोन्ही मिळाली. सुरुवात ‘तेम्पेस्ताद’पासून करावी, मग ‘नोचे दे फ्वेगो’, मग उरलेले दोन. फक्त मोबाइलच्या स्पीकरवर यांतला एकही पाहू नये. चांगले हेडफोन नसतील तर उसने आणावेत.