मालवणात राहतो. जुना यॅशिका इलेक्ट्रो ३५ हा फिल्म कॅमेरा मिळतोय, घ्यावा का?

घ्या, पण भिंगात बुरशी नसेल आणि बॅटरी घातल्यावर शटर नीट चालत असेल तरच. १९६६ साली आलेल्या या कॅमेऱ्यात शटरचा वेग हाताने निवडता येत नाही. बॅटरी नसली की तो १/५०० सेकंदावरच चालतो. मूळची ५.६ व्होल्टची पाऱ्याची बॅटरी आता मिळत नाही, अ‍ॅडॉप्टर लावून ६ व्होल्टची ४एलआर४४ चालते. ती सोबत घेऊनच बघायला जा.

मागचं झाकण उघडा, 'बी' (बटण दाबून असेपर्यंत शटर उघडं राहतं) आणि एफ १.७ (भिंगाचं सर्वांत मोठं छिद्र) लावा, शटर दाबून धरून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू दिसले की बुरशी. ती काचेवरचा लेप खाते, मग पुसूनही डाग जात नाही. फिल्मचा दांडा ओढताना आत 'टक्' आवाज यायलाच हवा. नाही आला तर आतला रबरी पॅड झिजलाय, एक्स्पोजर (फिल्मवर पडणारा प्रकाश) चुकणार. शेवटी किनाऱ्यावरून सिंधुदुर्गाचा तट बघा: फोकस अनंतावर (सर्वांत दूरवर) असताना व्ह्यूफाइंडरमध्ये दिसणाऱ्या दोन्ही प्रतिमा एकावर एक बसल्या पाहिजेत.

झाकणाच्या खाचेतला फोम चिकट झाला असेल तर चालेल, तो घरी बदलता येतो. मात्र पावसाळ्यात कॅमेरा चामड्याच्या केसमध्ये ठेवू नका. हवाबंद डबा आणि सिलिका जेल हवंच.