प्रसूती रजा कापून कॅसची तारीख पुढे ढकलली तर?

प्रश्न : जून 2019 मध्ये पीएच.डी.सह अनुदानित महाविद्यालयात सहायक प्राध्यापक म्हणून रुजू झाले. चार वर्षं पूर्ण होताच वेतनाच्या लेव्हल 10 वरून 11 साठी कॅसचा (करिअर ॲडव्हान्समेंट स्कीम, म्हणजे प्राध्यापकांच्या पदोन्नतीची योजना) प्रस्ताव दिला. मधे सहा महिने मंजूर प्रसूती रजा होती. प्राचार्य म्हणतात, ‘ते सहा महिने वजा होणार. डिसेंबर 2023 पासूनचा लाभ मान्य आहे, असं लिहून द्या.’ माझ्यासोबत लागलेल्या सहकाऱ्याला जूनपासूनच लाभ मिळालाय.

उत्तर : काहीही लिहून देऊ नका. एकदा सही केलीत की पुढच्या प्रत्येक अर्जावर ‘मॅडमनीच मान्य केलं होतं’ हे उत्तर तयार असेल.

18 जुलै 2018 च्या यूजीसी (विद्यापीठ अनुदान आयोग) विनियमांनुसार अध्यापनाची श्रेणी (ग्रेड) ठरवताना प्रसूती रजेचा काळ वगळायचा, उरलेल्या काळावरून पूर्ण कालावधीचं मूल्यांकन करायचं आणि रीतसर मंजूर रजेमुळे पदोन्नतीत नुकसान होऊ द्यायचं नाही. तुमच्या कार्यालयानं बहुधा ‘वगळायचा’ एवढंच वाचलं! वगळायचं ते श्रेणीच्या हिशेबातून, चार वर्षांच्या सेवेतून नव्हे. शिवाय चारपैकी किमान तीन वर्षांचा शेरा ‘समाधानकारक’ वा ‘चांगला’ असला तरी या टप्प्याला चालतं.

एक गोष्ट तुम्ही लिहिलेली नाही आणि मेख तिथंच असू शकते. ओरिएंटेशन आणि रिफ्रेशर हे पदोन्नतीसाठी लागणारे प्रशिक्षणवर्ग जून 2023 पूर्वी झाले होते का? नंतर झाले असतील तर पात्रतेची तारीखच पुढे जाते. तिथं रजेचा मुद्दा उपयोगी पडणार नाही.

आधीच झाले असतील तर रजामंजुरीचा आदेश आणि सेवापुस्तकातली नोंद जोडून प्राचार्यांना निवेदन द्या, प्रत उच्च शिक्षण सहसंचालक कार्यालयाला. आवक क्रमांकासह पोच घ्या. वजावटीचा निर्णय लेखी मागा, कारण तोंडी नकाराला आव्हान देणं अवघड जातं. टाळाटाळ झाली तर माहितीच्या अधिकारात स्वतःच्या प्रस्तावावरच्या टिपण्या मागवा. उत्तराची मुदत 30 दिवस. सहकाऱ्याचा उल्लेख एका ओळीत पुरे. त्याला मिळालं ते बरोबरच आहे, भांडण त्याच्याशी नाही. त्यानंतर 2016 च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाखालची तक्रार निवारण समिती, आणि शेवटी संविधानाच्या अनुच्छेद 226 खाली उच्च न्यायालय.

मात्र रेंगाळू नका. तरसेम सिंग प्रकरणात (2008) सर्वोच्च न्यायालयानं उशिरा आलेल्या वेतनविषयक दाव्यांत थकबाकी साधारणपणे याचिकेआधीच्या तीन वर्षांपुरती मर्यादित ठेवली. निवेदनांमागून निवेदनं पाठवत राहिल्यानं हा काळ थांबत नाही.