उत्तर गाइडमधलं नाही, म्हणून फुली

प्रश्न : मुलगा आठवीत, मराठी माध्यमाच्या अनुदानित शाळेत आहे. वह्यांची मागची पानं चित्रांनी भरलेली असतात. मराठीच्या चाचणीत ‘स्वमत’च्या प्रश्नाला त्याने मनाने उत्तर लिहिलं, त्यावर फुली आली. बाई म्हणाल्या, गाइडमधलं लिहीत जा. आता तो विचारतो, मग डोकं कशाला चालवायचं? शाळा मुलांची कल्पकता मारतेय असं वाटायला लागलंय. शाळेतून काढून मुक्त विद्यालयातून दहावी करून घ्यावी का? आणि चित्रकलेत पुढे काही आहे का? – एक आई, बार्शी

ताई, नमस्कार.

त्या एका फुलीसाठी शाळा सोडवू नका. ती फुली येते कुठून, ते आधी पाहू.

दहावीच्या मराठीच्या पेपरला बोर्ड आता ‘कृतिपत्रिका’ म्हणतं. प्रथम भाषेच्या ८० गुणांपैकी २४ उपयोजित लेखनाला आहेत : पत्र किंवा सारांश ६, जाहिरात-बातमी-कथा यांतल्या कोणत्याही दोहोंना मिळून १०, आणि प्रसंगलेखन, आत्मकथन किंवा वैचारिक लेखन यांतल्या एकाला ८. धडे-कवितांवरच्या स्वमताच्या कृती (म्हणजे स्वतःचं मत मागणारे प्रश्न) याखेरीज. म्हणजे स्वतःचं लिहायला जागा कागदावर आहे. ती बुजवतं गाइड. दुसऱ्याने लिहून छापलेलं ‘स्वमत’ मुलं पाठ करतात, यात कुणालाच काही वावगं वाटत नाही!

बाईंचीही बाजू बघा. साठ मुलांच्या चार तुकड्या म्हणजे २४० पेपर. एकाला पाच मिनिटं धरली तरी वीस तास, तेही रोजचे तास घेऊन. अशा वेळी नजर ओळखीचे शब्द शोधते. ते सापडले नाहीत की फुली पडते. यात दुष्टपणा नाही, पण मुलाचं नुकसान होतंच.

आता उत्तरपत्रिका काढून दोघं बसून ते उत्तर वाचा. अशा उत्तरांत दोन गोष्टी हमखास बिघडतात. एक, मत असतं पण धड्याचा आधार नसतो. दोन, मूल रंगात येऊन विषय सोडून जातं. या दोन्हींसाठी गुण गेले असतील तर ते रास्तच आहे, आणि मुलाला तसं स्पष्ट सांगा. पुढच्या वेळी तीन पायऱ्या धरायला लावा : पहिल्या वाक्यात मत, मग धड्यातला किंवा कवितेतला एक आधार, मग स्वतः पाहिलेली एक गोष्ट. सहा-सात ओळी पुरे. घरी गाइड राहू द्या, पण ते स्वतःचं उत्तर लिहून झाल्यावरच उघडायचं आणि त्यातून फक्त सुटलेला मुद्दा उचलायचा, वाक्य नाही. व्याकरण, सूत्रं, व्याख्या यांत मात्र कल्पकतेची सबब चालू देऊ नका.

आधार असूनही फुली असेल तर बाईंना भेटा. तक्रारीच्या सुरात नको. उत्तरपत्रिका पुढे ठेवून एवढंच विचारा, “यात मुद्दा कमी पडलाय, की फक्त शब्द वेगळे आहेत?” बहुतेक शिक्षक या प्रश्नावर पेपर पुन्हा वाचतात. पालक-शिक्षक संघातही एक मागणी मांडता येईल : प्रत्येक चाचणीत एकच उत्तर नसलेला पाच गुणांचा एक प्रश्न असावा आणि गुणांची वाटणी आधी फळ्यावर लिहावी; मुद्द्याला २, आधाराला २, मांडणीला १. याला पैसा लागत नाही. प्रकल्पांचंही तसंच. दुकानातून आणलेलं थर्माकोलचं मॉडेल बंद करून, पन्नास रुपयांच्या आत स्वतः केलेली वस्तू आणि ‘काय फसलं’ याचं एक पान मागितलं, तरी खूप बदलेल.

मोठा बदल कसा दिसतो, ते पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमात पाहता येतं. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये सुरू केलेल्या या संस्थेचा ‘मूलभूत तंत्रज्ञान’ हा विषय राज्यातल्या काही शाळांत आठवी ते दहावीला शिकवतात. मुलं वेल्डिंग, शेती, वीजजोडणी, खाद्यपदार्थ हे हाताने करतात आणि खर्चाचा हिशेबही मांडतात. २०२०च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातही सहावी ते आठवीसाठी दहा दिवस दप्तराविना सुतार, माळी, कुंभार, कलाकार यांच्याकडे शिकण्याची सूचना आहे. तुमच्या शाळेने ते दिवस कसे घेतले, हे विचारायला हरकत नाही.

मुक्त विद्यालयाबद्दल : एनआयओएसची (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेची) दहावी वैध आहे, किमान वय १४, आणि तिथे चित्रकला हा विषय घेता येतो. पण घरी रोज चार-पाच तास नेमाने बसवणारं माणूस लागतं आणि बरोबरीची मुलं दुसरीकडे शोधावी लागतात. शाळेत मार, अपमान किंवा आजारपण असतं तर मी वेगळं सांगितलं असतं.

आता चित्रकला. मागच्या पानांवरून रागावू नका, पण तो मोबाइलच्या पडद्यावरून उतरवतो की समोरची वस्तू बघून काढतो, ते बघा. पडद्यावरून उतरवताना जवळ-दूरचा फरक आधीच सपाट झालेला असतो, त्यामुळे डोळा शिकत नाही. वेगळी स्केचबुक द्या, २बी आणि ६बी पेन्सिल द्या. रोज वीस मिनिटं, तारीख घालून, घरातलीच वस्तू. तांब्यापासून सुरुवात करा. त्याचं तोंड म्हणजे लंबवर्तुळ; मुलं त्याची टोकं बदामासारखी टोकदार करतात आणि बूड सरळ रेषेत कापतात. खरं तर बूड नजरेच्या पातळीपासून जास्त खाली असतं, म्हणून त्याचा बाक तोंडापेक्षाही जास्त गोल हवा. चुकलेली पानं फाडायची नाहीत.

कला संचालनालयाच्या चित्रकलेच्या दोन ग्रेड परीक्षा असतात. त्यांतली एलिमेंटरी त्याने यंदा आणि इंटरमिजिएट नववीत द्यावी, म्हणजे दहावीत ओझं नको. इंटरमिजिएटला अ श्रेणी असेल तर दहावीत ७ वाढीव गुण मिळतात, ब ला ५, क ला ३. गुणांपेक्षा मला त्यातली भूमिती, अक्षरलेखन आणि स्मरणचित्र ही शिस्त मोलाची वाटते.

बारावीनंतर बीएफएसाठी, म्हणजे कलेच्या पदवीसाठी, राज्याची सीईटी ही प्रवेश परीक्षा आहे. आयआयटी मुंबईच्या बी.डेस. या डिझाइनच्या पदवीसाठी यूसीड ही प्रवेश परीक्षा कोणत्याही शाखेतून देता येते. तिच्या एका भागात हाताने चित्र काढावं लागतं. अहमदाबादच्या एनआयडी या डिझाइन संस्थेची परीक्षा वेगळी. आर्किटेक्चरचं मात्र तसं नाही : पाच वर्षांचा अभ्यासक्रम आणि बारावीला गणित-भौतिकशास्त्र हवंच. म्हणून ‘चित्रकार आहे, गणित कशाला’ हे घरात कुणी म्हणत असेल तर निदान अकरावीपर्यंत थांबवा.

ग्रेड परीक्षेचे अर्ज शाळेमार्फत भरतात आणि परीक्षा साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये असते. शाळेत कलाशिक्षक नसतील तर मुख्याध्यापकांना जवळच्या केंद्राबद्दल याच आठवड्यात विचारा.