मालवणला स्कूबा करताना पाकट दिसतो का, आणि दिसला तर भ्यायचं का?

एक व्हिडिओ पाहून तुम्ही विचारलंय की कॅरिबियनमध्ये लोक उथळ पाण्यात स्टिंगरेंच्या, म्हणजे पाकट या चपट्या, लांब शेपटीच्या माशांच्या, घोळक्यात डायव्हिंग करतात, तसं तारकर्ली-मालवणला करता येईल का. डिसेंबरात बायको आणि अकरा वर्षांच्या मुलीला घेऊन येताय, पोहता कुणालाच येत नाही, म्हणून धोका किती तेही हवंय.

तसं म्हणाल तर नाही. तुम्ही पाहिलेला व्हिडिओ बहुधा कॅरिबियनमधल्या ग्रँड केमन बेटाचा असणार. तिथले मच्छीमार परतताना वाळूच्या उथळ पट्टीशी होड्या थांबवून मासे साफ करायचे आणि आतडी-डोकी पाण्यात टाकायचे. त्या वासाला स्टिंगरे यायला लागले. १९८०च्या दशकात डायव्हर आले आणि हातातून खायला घालायला लागले. आता बोटीचा आवाज आला की ते जेवायला हजर. कमरेएवढं नितळ पाणी, खाली पांढरी वाळू.

आमच्याकडे स्टिंगरे म्हणजे पाकट. बाजारात वागळी म्हणून विकतात आणि सुक्या वागळीचं तिखलं करतात. माणूस दिसल्यावर त्याने लांब जावं हे साहजिकच आहे!

मी देवबागचा. बाबा रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायच्या मोठ्या जाळ्यावर, जायचे, मी सीझनला गाइड म्हणून पाण्यात असतो. पाकट दिसेलच असं मी कुठल्याच गिऱ्हाईकाला सांगत नाही. नवख्यांची डाइव्ह साधारण वीस फुटांवर, पंधरा-वीस मिनिटांची. खडकाजवळ रंगीत मासे हमखास दिसतात. पाकट मात्र खडक संपून वाळू सुरू होते तिथे, आणि तोही पुरलेला. पंख फडफडवून अंगावर वाळू ओढून घेतो, मग वर उरतात फक्त दोन डोळे आणि त्यांच्या मागची दोन भोकं. तोंड खाली वाळूत असल्यामुळे पाणी तो त्या भोकांतून आत घेतो. भोकं उघडतात, मिटतात, तेवढीच हालचाल. वाळूत परातीएवढे उथळ खड्डे दिसले तर समजा, खेकडे-कोळंबी शोधत तो तिथे चरून गेलाय.

आता धोका. पाकट अंगावर धावून येत नाही. शेपटीवरचा करवतीसारखा काटा तो दाबला गेल्यावर किंवा कोंडीत सापडल्यावरच मारतो. म्हणून काटा बहुतेक वेळा डायव्हरला नाही, पाण्यात चालणाऱ्याला लागतो. टीव्हीवर प्राणी दाखवणारा स्टीव्ह अर्विन २००६ साली ऑस्ट्रेलियात मेला तो छातीत काटा घुसून. उथळ पाण्यात चित्रीकरण करताना तो पाकटाच्या वर होता. असं फार क्वचित होतं, पण त्यातून घ्यायचं ते घ्या: वर तरंगायचं नाही, वाट अडवायची नाही, शेपटीकडून जायचं नाही. बाजूला, चांगलं अंतर ठेवून थांबा.

मला स्वतःला काटा लागला तो चौदाव्या वर्षी, रापण ओढताना, गुडघाभर पाण्यात. बाबा लहानपणापासून सांगायचे, 'पाय घासटत चल रे, उचलू नको.' पाय घासत गेलं की पाकटाला आधीच कळतं, तो उठून जातो. मी त्या दिवशी घाईत उचलला. आधी वाटलं शिंपल्याने कापलं. दोन मिनिटांत कळ पोटरीपर्यंत चढली आणि मी वाळूत लोळायला लागलो. शेजारच्या काकीने चुलीवरचं गरम पाणी बादलीत आणलं, बाबांनी आधी स्वतःचा हात घालून बघितला, मग माझा पाय आत. पाय पाण्यात असेपर्यंत कळ कमी, बाहेर काढला की पुन्हा सुरू. हे घरगुती वाटतं, पण डॉक्टरही हेच सांगतात. पाकटाचं विष प्रथिनांचं असतं, उष्णतेने ते मोडतं. साधारण ४५ अंशांचं, सोसेल इतकंच गरम पाणी, अर्धा ते दीड तास. पाणी कितपत गरम आहे ते दुखऱ्या पायाने जोखू नका, भाजलेलं कळत नाही. छाती, पोट, मान इथे काटा रुतला असेल तर उपटायचा नाही, सरळ हॉस्पिटल.

माझ्या बाबतीत दवाखान्यात वरवर पट्टी बांधून घरी पाठवलं. तीन आठवडे जखम वाहत होती, शेवटी दुसरीकडे एक्स-रे काढल्यावर आत काट्याचा तुकडा निघाला. म्हणून एक्स-रे आणि धनुर्वाताचं इंजेक्शन मागून घ्या.

त्याच रापणीत एकदा गाभण पाकट आली होती. पाकट अंडी घालत नाही, पिल्लं देते, आणि जाळ्यात सापडली की भीतीने तिथेच टाकते. वाळूवर चार पिल्लं पडलेली, पंख विड्यासारखे गुंडाळलेले. बाबांनी ती उचलून पाण्यात सोडली. जगली की नाही कोण जाणे.

पाकट 'दाखवतो' म्हणणाऱ्या गाइडपासून लांब राहा. दोन सीझनमागे एका बोटीवरच्या पोराने व्हिडिओसाठी सळी खुपसून पाकट उठवला. गिऱ्हाईकाला मिळाला तो फक्त गढूळ पाण्याचा व्हिडिओ. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा समुद्र १९८७पासून सागरी अभयारण्यात येतो, तिथे बिस्किटं चुरून टाकणं, प्राण्यांना डिवचणं शोभत नाही.

पोहता येत नाही याची काळजी नको, गाइड तुमची टाकी धरूनच असतो. मुलगीही दहाच्या वरची आहे, चालेल. जपायचं ते श्वासाला. वीस फुटांवर हवेचा दाब वरच्यापेक्षा दीडपटीहून जास्त असतो. तिथे भरलेला श्वास रोखून वर आलात तर तीच हवा फुप्फुसात फुगते. घाबरलात तरी श्वास चालू ठेवा. कान दुखले तर लगेच खूण करा, नाक दाबून नाकातूनच हळू हवा ढकला, दुखतंय तोवर खाली जाऊ नका. दमा किंवा हृदयाचं काही असेल तर फॉर्मवर खरं लिहा. सर्दी असली तर त्या दिवशी उतरूच नका, पैसे गेले तरी चालतील.

डिसेंबरात पाणी बऱ्यापैकी स्वच्छ असतं, पण केमनसारखी नितळाई इथे नाही. सकाळची पहिली बोट घ्या, वारा उठायच्या आतली. परतीचं विमान असेल तर डाइव्ह शेवटच्या दिवशी ठेवू नका, मध्ये निदान १२ तास जाऊ द्यात.