एक दिवस चुकला की मी सगळंच सोडून देतो. हा परफेक्शनिझम का? आणि सवय लागायला नक्की किती दिवस लागतात?

परफेक्शनिझम वगैरे तुमच्याकडे, आमच्या घरी त्याला आप्पा म्हणतात.

अमळनेर तालुक्यात आमची कोरडवाहू शेती. लहानपणी शुद्धलेखनाच्या वहीत एक खाडाखोड दिसली की आप्पा पान टराटरा फाडायचे, पुन्हा पहिल्या ओळीपासून लिही. आणि एक दिवस लिहिलं नाही तर ठरलेलं वाक्य, "खाडा पडना ते संपनं बठ्ठं," म्हणजे संपलं सगळं. शंभर पानी वही दिवाळीपर्यंत चाळीस पानांची उरायची.

मग नोकरीला जळगावला आलो, मेहरूण तलावावर सकाळी फिरायला लागलो, कॅलेंडरवर रोज लाल फुली. ४१ फुल्या झाल्या सलग, बायको म्हणायची तुम्ही फिरायला जाता की फुल्या मारायला. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला गावी गेलो, पुरणपोळी आमरस हाणला आणि दोन दिवस लोळलो. परत आल्यावर ते दोन रिकामे चौकोन बघवेनात म्हणून कॅलेंडरच उतरवलं, बूट पलंगाखाली गेले ते गेलेच.

जुलैत शेतात गेलो तर पावसाने ओढ दिलेली, कपाशीत जागोजागी नांग्या, म्हणजे रोप न उगवलेल्या रिकाम्या जागा, आणि आप्पा पिशवीतली रोपं घेऊन एकेक नांगी भरताय. मी मुद्दाम म्हटलं, आप्पा इतका खाडा पडलाय, मोडून टाका ना सगळं, पहिल्यापासून लावा. म्हणे, "इतलासाठे कोनी मोडस का वावर?" मग माझ्या वह्या का फाडल्या? "वहीनी गोट येगळी शे," आणि गेले पुढच्या ओळीत.

काही वेगळी नाही. २१ दिवसांत सवय लागते असं जे सगळे सांगतात ते मॅक्सवेल मॉल्ट्झ नावाच्या प्लास्टिक सर्जनने १९६० मधे लिहिलेलं, पेशंटला नव्या चेहऱ्याची सवय व्हायला निदान एवढे दिवस लागतात म्हणून, त्याचा तुमच्या जिमशी काय संबंध? लंडनला फिलिपा लॅली नावाच्या संशोधिकेने ९६ लोकांवर अभ्यास केला त्यात साधारण ६६ दिवस निघाले, पण कोणाला १८ तर कोणाला २५४, आणि मधे एखादा दिवस चुकला तरी फारसं बिघडलं नाही. हे आप्पांना कोण सांगणार!

फक्त नांगी लगेच भरावी लागते बरं का, महिन्याने रोप लावलं तर आजूबाजूच्या झाडांच्या सावलीत खुरटतं. म्हणजे चुकलं तर दुसऱ्याच दिवशी जा, सोमवारची वाट बघू नका. आणि हो, बीपीच्या गोळीला हे लावू नका, ती रोजच घ्यायची. हात दहादा धुतल्याशिवाय चैन पडत नाही असलं काही असेल तर डॉक्टरला दाखवा, तो विषय माझा नाही.

मी सध्या आठवड्यातून चारेक दिवस जातो. काल नाही गेलो. पोळ्याला गावी गेलो की हे उत्तर आप्पांना वाचून दाखवणार आहे, भांडण होणार हे नक्की.