वजिरांच्या कोड्यात रमलेल्या मुलीला ग्राफिक्स कार्ड घेऊन द्यावे का?

शिवाजी उद्यमनगरात यंत्रभागांचा कारखाना चालवणाऱ्या एका पालकांचे पत्र आले आहे. त्यांची मुलगी कोल्हापुरातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयात संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. गेले काही महिने ती रात्री उशिरापर्यंत बुद्धिबळाच्या पटावर वजीर मांडण्याच्या एका कोड्यावर प्रोग्रॅम लिहीत बसते. लॅपटॉपमधल्या ग्राफिक्स प्रोसेसरवर तिने तो चालवून पाहिला, पण साध्या प्रोसेसरवर चालणाऱ्या तिच्याच आधीच्या प्रोग्रॅमपेक्षा तो हळू चालला. म्हणून आता ती सुमारे साठ हजार रुपयांचे नवे कार्ड मागते आहे. हा खेळ आहे की अभ्यास, यातून नोकरी मिळते का आणि कार्ड घ्यावे का, असे तीन प्रश्न पालकांनी विचारले आहेत.

आदरणीय महोदय,

सप्रेम नमस्कार. आपली कन्या बुद्धिबळ खेळत बसलेली नाही, हे प्रथम सांगतो. ती ज्या प्रश्नावर काम करते आहे तो गणितातला जुना आणि प्रतिष्ठित प्रश्न आहे. आठ वजीर पटावर असे ठेवायचे की एकही दुसऱ्याच्या माऱ्यात येऊ नये, हे कोडे जर्मनीत माक्स बेझेल यांनी १८४८ साली मांडले, गाउस यांच्यासारख्या गणितज्ञानेही त्यात लक्ष घातले आणि १८५० साली फ्रान्झ नाउक यांनी त्याच्या सर्व ९२ मांडण्या प्रसिद्ध केल्या. पट फिरवून किंवा आरशात पाहून ज्या एकसारख्या दिसतात त्या एकच धरल्या, तर या ९२ पैकी १२ उरतात.

मग पावणेदोनशे वर्षांपूर्वी सुटलेल्या कोड्यावर आज कोणी रात्री का घालवाव्यात, असे आपल्याला वाटेल. पट मोठा केला की प्रश्नाचे स्वरूप पालटते, हे त्याचे उत्तर. चार किंवा त्याहून मोठ्या कोणत्याही आकाराच्या पटावर एक मांडणी दाखवणे सोपे आहे, कारण त्यासाठी थेट रीत उपलब्ध आहे. परंतु एकूण मांडण्या किती, हे सांगणारे नेमके सूत्र कोणालाही सापडलेले नाही. त्या मोजाव्याच लागतात. प्रत्येक बाजूला सोळा घरे असलेल्या, म्हणजे सोळा घरांच्या पटावर त्या १,४७,७२,५१२ आहेत, अठरा घरांच्या पटावर ६६,६०,९०,६२४. जर्मनीतील ड्रेस्डेनच्या तांत्रिक विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ साली सत्तावीस घरांच्या पटाची मोजणी पूर्ण केली आणि उत्तर २,३४,९०,७९,६७,१५,४१,२२,५२८ इतके आले. त्यासाठी त्यांनी ग्राफिक्स प्रोसेसर न वापरता एफपीजीए, म्हणजे आतील जोडणी हव्या त्या कामासाठी बदलता येणाऱ्या चिप, वापरल्या होत्या. ही गोष्ट आपल्या कन्येने मुद्दाम लक्षात घ्यावी, कारण कोणत्या प्रश्नाला कोणते यंत्र योग्य, हाच तिच्या या छंदाचा गाभा आहे.

आता तिचा प्रोग्रॅम हळू का चालला, याविषयी थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या तिन्ही प्रश्नांची उत्तरे याच एका प्रश्नात आहेत. साध्या प्रोसेसरमध्ये मोजकेच पण अत्यंत चतुर गाभे (कोअर), म्हणजे हिशेब करणारे भाग, असतात, तर ग्राफिक्स प्रोसेसरमध्ये हजारो साधे गाभे असतात आणि ते गटागटाने काम करतात. एनव्हिडिया या कंपनीच्या कार्डांत असा एक गट बत्तीस थ्रेडांचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या कामाच्या धाग्यांचा, असतो आणि त्याला वॉर्प म्हणतात. वॉर्पमधील सर्व थ्रेड एका वेळी एकच सूचना पाळतात. आपल्या कारखान्यातील मल्टीस्पिंडल ड्रिलिंग मशीनची सर्व स्पिंडले एकदमच खाली येतात आणि एकच भोक खोल असले तरी बाकीच्या स्पिंडलांना ते पूर्ण होईपर्यंत थांबावे लागते, तसेच येथे घडते. वजिरांच्या कोड्यात एका थ्रेडच्या वाट्याला आलेली अर्धवट मांडणी दोन पावलांत फसते आणि शेजारच्या थ्रेडची मांडणी खोलवर जाऊन लाखो शक्यता तपासत राहते. त्यामुळे बत्तीसपैकी बहुतेक थ्रेड बराच काळ नुसते थांबून असतात. यावर भर म्हणून, साध्या प्रोसेसरवर सहज चालणारी रिकर्शनची, म्हणजे प्रोग्रॅमच्या एका भागाने स्वतःलाच पुन्हा पुन्हा बोलावण्याची, पद्धत तिने जशीच्या तशी ग्राफिक्स प्रोसेसरवर नेली असेल, तर प्रत्येक थ्रेडची मागे परतण्याची नोंदवही कार्डाच्या मुख्य, म्हणजे संथ, मेमरीत जाऊन पडते.

सांगायचे असे की नवे कार्ड घेतल्याने हा दोष जाणार नाही. तो महागड्या कार्डावर केवळ थोडा झाकला जाईल. दोष घालवण्याचे मार्ग ठरलेले आहेत आणि ते सारे तिच्या आवाक्यातले आहेत. पटाच्या पहिल्या काही आडव्या पट्ट्या साध्या प्रोसेसरवरच भरून घ्याव्यात, त्यातून तयार होणाऱ्या हजारो अर्धवट मांडण्या कार्डाकडे पाठवाव्यात आणि एखाद्या थ्रेडचे काम संपताच त्याने सामाईक यादीतून पुढची मांडणी उचलावी. उभ्या पट्ट्या आणि दोन्ही दिशांचे कर्ण यांची नोंद तीन पूर्णांकांच्या बिटांत, म्हणजे ०-१ च्या खुणांत, ठेवली, तर पुढच्या पट्टीतील मोकळी घरे दोन-तीन क्रियांत कळतात. रिकर्शनऐवजी स्वतः सांभाळलेला छोटा स्टॅक, म्हणजे तीच परतण्याची नोंदवही, वापरून तो शेअर्ड मेमरीत, म्हणजे चिपवरच्या छोट्या पण जलद मेमरीत, ठेवता येतो. पट डावी-उजवीकडे सममित असल्यामुळे पहिल्या पट्टीच्या निम्म्याच घरांचा विचार करून उत्तर दुप्पट करता येते, फक्त विषम आकाराच्या पटावर मधल्या घराचा हिशेब वेगळा ठेवावा लागतो. या कोड्यात साध्या प्रोसेसरकडून कार्डाकडे फारच थोडी माहिती पाठवावी लागते, ही त्याची मोठी सोय आहे. व्यवहारातल्या पुष्कळ प्रश्नांत सारा वेळ त्या ने-आणीतच जातो.

वेगाच्या आधी उत्तराची खात्री हवी, हेही तिला माझ्या वतीने सांगावे. एकोणीस घरांच्या पटावरील मांडण्या ४,९६,८०,५७,८४८ आहेत, आणि बत्तीस बिटांच्या पूर्णांकात मावणारी सर्वांत मोठी संख्या ४,२९,४९,६७,२९५ आहे. म्हणजे एकूण बेरीज बत्तीस बिटांत ठेवणारा प्रोग्रॅम अठरापर्यंत अचूक उत्तरे देईल आणि एकोणीसला कोणतीही तक्रार न करता चुकेल. जाणत्या संशोधकांच्या हातूनही असे घडते. घोड्याने पटावरील प्रत्येक घरी एकदाच जाऊन मूळ घरी परतण्याच्या फेऱ्या आठ घरांच्या पटावर किती, याचे १९९६ साली प्रसिद्ध झालेले उत्तर चुकीचे निघाले आणि १९९७ साली ब्रेंडन मॅके यांनी स्वतंत्र मोजणी करून १,३२,६७,३६,४४,१०,५३२ हा आकडा दिला. म्हणून तिने लहान पटांपासून प्रत्येक आकाराचे उत्तर ज्ञात आकड्याशी ताडून पाहावे आणि तो तक्ता प्रोग्रॅमसोबतच ठेवावा.

यातून नोकरी मिळते का, हा आपला प्रश्न रास्त आहे. वजीर मोजण्यासाठी कोणी पगार देत नाही. परंतु एखादा हिशेब हजारो थ्रेडांत कसा वाटावा, तो कुठे अडतो हे प्रोफायलरने, म्हणजे प्रोग्रॅमचा वेळ कुठे जातो हे मोजणाऱ्या साधनाने, कसे शोधावे आणि यंत्राची रचना ओळखून प्रोग्रॅमची मांडणी कशी बदलावी, हे जाणणाऱ्या माणसांना चांगली मागणी आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेची प्रारूपे चालवणाऱ्या संस्था, ग्राफिक्स प्रोसेसर बनवणाऱ्या कंपन्या, चिपची रचना तपासणारी सॉफ्टवेअर आणि हवामानाचे अंदाज अशा सर्वच ठिकाणी हे काम असते. आपल्यापासून पुणे दूर नाही. परम मालिकेतील महासंगणक घडवणारी सी-डॅक तेथे आहे, महासंगणकांवर हवामानाची प्रारूपे चालवणारी भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्था तेथेच पाषाणला आहे आणि एनव्हिडियाचे कार्यालयही पुण्यात आहे. अशा ठिकाणी निवड करताना गुणपत्रिका पाहतातच, पण ‘तुझा प्रोग्रॅम याच वेगाने का चालतो, याहून वेगाने का नाही’ या प्रश्नाचे उत्तर उमेदवाराला आकड्यांनिशी देता येते का, यावर माझ्या मते अधिक भर असतो, आणि आपली कन्या आज नेमक्या त्याच प्रश्नाशी झुंजते आहे.

त्यासाठी तिने पुढील दोन वर्षांत डिस्क्रीट मॅथेमॅटिक्स, संगणक रचना आणि ऑपरेटिंग सिस्टिम हे विषय परीक्षेपुरते न शिकता मुळापासून शिकावेत आणि सी प्लस प्लसवर हात पक्का करावा. या तीन विषयांत गुण घसरत असतील तर रात्रीचे जागरण थांबवलेच पाहिजे, याबाबत मी आपल्या बाजूने आहे. एनपीटीईएल या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावर ग्राफिक्स प्रोसेसरच्या प्रोग्रॅमिंगचे अभ्यासक्रम विनामूल्य पाहता येतात. तिसऱ्या वर्षापासून गेट परीक्षा देता येते; त्यातून आयआयटीत एम.टेक. किंवा बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संगणनविज्ञानाच्या विभागाचा मार्ग खुला होतो. लवकर नोकरी हवी असल्यास सी-डॅकचे पदव्युत्तर पदविका अभ्यासक्रम आहेत आणि त्यांना सी-कॅट या परीक्षेतून प्रवेश मिळतो. मोजणीपेक्षा गणितच तिला अधिक ओढत असेल, तर तिने शिवाजी विद्यापीठातील गणित विभागातल्या एखाद्या अध्यापकांना भेटावे. पटाची बाजू खूप मोठी असताना मांडण्यांची संख्या साधारण किती, याचा अंदाज मायकेल सिमकिन यांनी २०२१ साली सिद्ध केला, म्हणजे या प्रश्नाचे गणितही आज जिवंत आहे.

अंतिम वर्षाच्या प्रकल्पासाठी एक विषय आपल्या कारखान्यातच आहे. कोणते काम कोणत्या मशीनवर, कोणत्या क्रमाने घ्यावे म्हणजे सेटिंगमध्ये कमी वेळ जाईल आणि माल ठरलेल्या तारखेला निघेल, हा प्रश्न वजिरांच्या कोड्याच्याच कुळातला आहे. एक फरक मात्र तिने ओळखावा: येथे सर्व मांडण्या मोजायच्या नसून एकच चांगली मांडणी शोधायची आहे, आणि अशा शोधाला ग्राफिक्स प्रोसेसरपेक्षा गूगलने विनामूल्य दिलेल्या ओआर-टूल्ससारखे साधन साध्या प्रोसेसरवर अधिक उपयोगी पडण्याची शक्यता आहे. दोन्ही रीतींनी करून पाहून कोणती का सरस ठरली हे तिने लिहिले, तर तो प्रकल्प कोणत्याही मुलाखतीत उठून दिसेल. त्यासाठी आपण तिला एका महिन्याची कामांची नोंदवही आणि प्रत्येक मशीनच्या सेटिंगचे वेळ द्यावेत. एवढी खरी माहिती महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मिळत नाही.

आता कार्डाविषयी. या सत्रात ते घेऊ नये. गूगल कोलॅब आणि कॅगल या संकेतस्थळांवर मर्यादित तासांसाठी ग्राफिक्स प्रोसेसर विनामूल्य मिळतो आणि वर सुचवलेल्या सर्व सुधारणा तेवढ्या वेळात करून पाहता येतात. सुधारलेला प्रोग्रॅम तिने साध्या प्रोसेसरच्या सर्व गाभ्यांवर चालणाऱ्या, तितक्याच काळजीने लिहिलेल्या प्रोग्रॅमशी ताडून पाहावा. एकाच गाभ्यावरच्या ढिल्या प्रोग्रॅमशी तुलना करून ‘शंभरपट वेग’ म्हणणे जाणकारांपुढे टिकत नाही. अठरा आणि एकोणीस घरांच्या पटांचे वेळ दोन्हीकडे नोंदवून, विनामूल्य मिळणारे तास अपुरे पडत असल्याचे तिने आपल्याला त्या नोंदींवरून दाखवले, तर खरेदीचा विचार जरूर करावा. तेव्हाही कुडा, म्हणजे एनव्हिडियाची प्रोग्रॅमिंग प्रणाली, चालणारे मध्यम किमतीचे कार्ड पुरेसे होईल, कारण या कामात सारा हिशेब पूर्णांकांचा आहे आणि महागड्या कार्डांची दशांश अपूर्णांकांची ताकद येथे वापरलीच जात नाही. लॅपटॉपमध्ये असे कार्ड बसत नसल्याने त्यासाठी डेस्कटॉप आणि पुरेशा वॅटचा पॉवर सप्लाय यांचाही खर्च धरावा लागेल, आणि तो साठ हजारांच्या अंदाजात धरलेला आहे का, हे तिला आजच विचारावे.

आपला स्नेहांकित,
करिअर मार्गदर्शक, कोल्हापूर